संदर्भ क्रमांक अकरा

आमच्या प्राचार्य थॉमस मॅडमनी फाईल उघडी करून माझ्याकडे सरकवली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"खरात, हा अकरा नंबर वाचा."

तो मला पाठ होता. तरी मी चष्मा लावून वाचल्यासारखं केलं. त्यात घनसावंगी तालुक्यातल्या एका उपकेंद्राचं नाव होतं, तिथल्या नर्सबाईंचं संपूर्ण नाव होतं, पुढे "उपकेंद्राची पूरक नोंदवही" असं होतं, आणि शेवटी पान सहा ते नऊ.

टेबलापलीकडे तस्लीम उभी होती. आमच्या नर्सिंग स्कूलची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, आष्टीची. ती फाईल तिची होती. मॅडमच्या दुसऱ्या हातात एक मेमोची प्रत होती. मूळ मेमो त्या नर्सबाईंना गेला होता. सात दिवसांत खुलासा द्या, नाहीतर निलंबन का करू नये ते कळवा, असा.

"तस्लीम, नर्सबाईने नाव लिहू नको म्हटलं होतं का?"

"हो मॅडम."

"मग का लिहिलं?"

तस्लीमनं एकदा माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग खाली बघून म्हणाली, "चुकलं मॅडम."

मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. काही बोललो नाही.

चुकलं होतं ते माझं. बरीच वर्षं ही गोष्ट मी कोणाला नीट सांगितली नाही. आता सांगतो.

मी जालन्यातल्या एका नर्सिंग स्कूलचा लायब्रेरियन होतो. रुजू झालो तेव्हा दोन कपाटं होती, निवृत्त झालो तेव्हा अकरा. पुस्तकं देणं-घेणं हे माझं काम. पण हळूहळू आणखी एक काम माझ्या गळ्यात पडलं. मुलींच्या असाइनमेंटचे रेफरन्स तपासायचे. रेफरन्स म्हणजे संदर्भ. तुम्ही जे लिहिलं ते कुठून घेतलं, याचा पत्ता. माझी सही असल्याशिवाय ट्यूटर फाईल घेत नसत.

पुस्तकाचा संदर्भ सोपा असतो. लेखक, साल, नाव, प्रकाशक, पान. अडचण यायची ती इतर गोष्टींची. मुली काय काय लिहायच्या! "सिस्टरांनी सांगितलं." कोणत्या सिस्टरांनी? आमच्याकडे सगळ्याच सिस्टर. एकीनं जुलाबाच्या पाकिटावरचा मजकूर उतरवून खाली "पाकीट" एवढंच लिहिलं. एकीनं सायक्लोस्टाईल केलेल्या नोट्स वापरल्या, त्यांना ना लेखक ना तारीख. एका पुस्तकात दुसऱ्या पुस्तकातलं वाक्य असेल तर मुली बेधडक दुसऱ्याचंच नाव द्यायच्या, जे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नसायचं. मी म्हणायचो, "जे तू पाहिलंस त्याचाच पत्ता दे. न पाहिलेल्या घराचा पत्ता सांगू नये." हे वाक्य मी दर वर्षी, दर बॅचला ऐकवायचो.

सगळ्यात अवघड संदर्भ माणसाच्या तोंडचा. त्याचा नियम असा की तो यादीत घालतच नाहीत. वाचणाऱ्याला तो कुठे जाऊन शोधता येत नाही ना. मजकुरातच लिहायचं, अमुक कामावरची व्यक्ती, प्रत्यक्ष बोलणं, अमुक महिना. नाव त्या व्यक्तीनं परवानगी दिली तरच. आणि दवाखान्याचे कागद वापरले तर पेशंटचं नाव कुठेच येता कामा नये. हा नियम मला माहीत होता. न माहीत असता तर आज एवढं वाईट वाटलं नसतं.

त्या आधीच्या वर्षी बाहेरून आलेल्या एका परीक्षक बाईंनी मुलींसमोर माझी खिल्ली उडवली होती. एका फाईलमध्ये ऐकीव माहिती होती. त्या म्हणाल्या, "लायब्रेरियन साहेब, हे संदर्भ आहेत की पारावरच्या गप्पा?" मुली हसल्या. ते हसू माझ्या डोक्यात बसलं. त्यानंतर मी निनावी काही ठेवायचंच नाही असं ठरवलं.

अशात तस्लीमची असाइनमेंट आली. महिनाभराच्या ग्रामीण पोस्टिंगमध्ये तिनं एक प्रश्न धरला होता, गरोदर बायका रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन जातात, पण खात का नाहीत? बाकीच्या मुलींनी पुस्तकातून अॅनिमियाची कारणं उतरवली होती. हिनं खरी कारणं लिहिली. गोळीनं मळमळतं. संडास काळी होते म्हणून भीती वाटते. सासू म्हणते, बाळ मोठं होईल आणि बाळंतपणात अडेल. एकीनं गोळ्या घरातल्या कणगीत लपवल्या होत्या. वाचताना मला कळलं, ही मुलगी कपाटातल्या पुस्तकांच्या पुढे गेली आहे.

मजकुरातच तिनं कंसात लिहिलं होतं, "एका उपकेंद्रातील आरोग्यसेविकेशी प्रत्यक्ष बोलणं व त्यांच्या वहीतल्या नोंदी." बरोबर लिहिलं होतं. नियमाला धरून.

मी ते खोडलं.

"नाव?"

"सर, बाईंनी नको म्हटलंय."

"मग वाचणाऱ्यानं विश्वास कशावर ठेवायचा? गाव कोणतं? वही कसली?"

"सर, त्यांची साधी वही आहे. त्यांनी भरोशानं दाखवली."

"साधी वही असं लिहितात का? पान किती?"

"सहा ते नऊ. पण सर, नाव राहू द्या ना. मी बाईंना जबान दिली."

"जबान बाजूला ठेव. फाईल चांगली झाली आहे, संदर्भानं पडायला नको."

मी पेन्सिलनं एका चिठ्ठीवर अकरावा संदर्भ लिहून दिला. "साधी वही" मला हलकी वाटली म्हणून "उपकेंद्राची पूरक नोंदवही" केली. कानाला वजनदार वाटली. वही मी पाहिली नव्हती. तस्लीमनं चिठ्ठीवरून फाईलमध्ये उतरवून घेतलं आणि खाली आपली सही केली. मी तपासल्याची सही केली. तिनं चिठ्ठी परत माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली.

मुलींच्या निवडक फायलींचं शाळेत प्रदर्शन भरलं. तस्लीमची फाईल पहिल्या टेबलावर. पाहुणे म्हणून जिल्ह्याच्या आरोग्य ऑफिसातले एक साहेब आले होते. ते फायली चाळत गेले. तस्लीमच्या फाईलपाशी बराच वेळ थांबले. मला वाटलं, कौतुक करतील. त्यांनी शेवटचं पान उघडून खिशातल्या डायरीत काहीतरी टिपलं.

चार दिवसांनी मेमो निघाला. साहेबांचं म्हणणं असं. उपकेंद्राच्या अधिकृत रजिस्टरमध्ये सगळ्या गरोदर बायांपुढे "गोळ्या दिल्या" आहे. मग ही पूरक नोंदवही कसली, जिच्यात, फाईलमध्ये लिहिल्याप्रमाणे, निम्म्याहून जास्त बायांपुढे फुली आहे? तपासणीला ती कधी दाखवली का नाही? आणि सरकारी नोंदवही बाहेरच्या विद्यार्थिनीला दाखवलीच कशी?

प्रत्येक प्रश्न माझ्या दोन शब्दांवर उभा होता. पूरक नोंदवही.

मॅडमच्या खोलीतून बाहेर आल्यावर तस्लीम जिन्यापाशी भेटली.

मी म्हटलं, "तू सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "काय सांगू सर? तुम्ही समोरच होता."

ती वर निघून गेली.

दोन दिवस मी कपाटांच्या मागे काढले. तिसऱ्या दिवशी रजा टाकली आणि अंबडमार्गे घनसावंगीची एसटी धरली. तिथून जीप. बारा माणसं आत, दोघं मागे लटकलेले. उपकेंद्र म्हणजे गावाच्या कडेची दोन खोल्यांची इमारत. बाहेर बाया बसलेल्या. आतून आवाज आला, "काकू, अंगठा न्हाई, पोट दाखवायचंय. जल्दी करा."

त्याच नर्सबाई, कुसुमबाई. पन्नाशीकडे झुकलेल्या. नवरा घनसावंगीत शिक्षक, मुलगी दहावीला. निलंबन झालं तर घर चाललं असतं, पण एवढ्या वर्षांच्या नोकरीवर डाग लागला असता. मी नर्सिंग स्कूलचा म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"त्या पोरीला न्हाई आणलं?"

"नाही."

"बरं केलं. मला तिचं तोंड बघायचं न्हाई. पोटच्या पोरीवानी समदं सांगितलं तिला. म्हणलं, बाई, घे लिहून, पर माझं नाव घालू नको. हो हो म्हणली. आन् सर, नाव घातलं, गाव घातलं, वहीचं पान बी घातलं! पान न्हाई घातलं असतं तर म्हणले असते, माझी न्हाईच वही."

इथे मला तोंड उघडायचं होतं. त्यासाठीच मी एवढ्या लांब आलो होतो. पण मी म्हणालो, "संदर्भ लिहिताना चूक झाली. ती दुरुस्त करायला आलोय. वही दाखवता का?"

"आता समद्या जगानं बघितली. तुमी एकटे का ऱ्हाता!"

त्यांनी पिशवीतून वही काढली. मी आजवर हजारो पुस्तकं हाताळली असतील, पण त्या वहीला हात लावताना मला लाज वाटली. ती त्यांच्या मुलीची आठवीची गणिताची वही होती. पुढून मुलीची गणितं, लाल पेनानं तपासलेली. उलटी केली की मागून बाईंच्या नोंदी. बाईचं नाव, पुढे बरोबर किंवा फुली, आणि फुलीपुढे दोन-चार शब्द. "मळमळ." "सासू." "म्हैस याली, टाइम न्हाई." "पुन्हा बुधवारी जाणे." कुठे शिक्का नाही, सही नाही. ही नोंदवही कोणत्याच अर्थानं नव्हती. ही एका बाईची स्वतःसाठीची आठवण होती. कोणाच्या घरी परत जायचं याची.

"हे तुम्ही वर का नाही कळवलं?" मी विचारलं.

"रिपोर्टात त्याचा रकाना न्हाई. गोळ्या दिल्या का, एवढंच इचारतात. दिल्या. खोटं न्हाई ते, बिलकुल न्हाई. खाल्ल्या का, ते कोणी इचारतच न्हाई. मंग मी माझ्यापुरतं लिहून राह्यले."

"हेच लिहा खुलाशात."

"मला रिपोर्ट लिहिता येतो सर, खुलासा न्हाई येत. तीन कागदं फाडली. लिहिते आन् रडू येतं."

मग आम्ही तिथे बसून खुलासा लिहिला. हे काम मला येत होतं. एकेक गोष्ट वेगळी केली. अधिकृत रजिस्टर एकच आहे, ते तपासणीला हजर आहे. त्यात वाटपाची नोंद आहे आणि ती खरी आहे. दुसरी कोणतीही नोंदवही उपकेंद्रात नाही. ज्या वहीचा उल्लेख आला ती खासगी टिपणवही आहे, पाठपुराव्याच्या भेटी लक्षात राहाव्यात म्हणून. ती सोबत जोडली आहे. बाई मध्ये मध्ये विचारायच्या, "गणितं बी जोडायची का? एकात तिला शून्य पडलंय." मी म्हटलं, गणितं तर आधी जोडा.

निघताना त्या म्हणाल्या, "पर साहेब ऐकतील का? त्यांच्या हातात तुमच्या शाळंचा कागद हाय ना."

तो कागद खोटा आहे हे शाळेनंच सांगायला हवं होतं. म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेलो. "मॅडम, अकरावा संदर्भ मी लिहून दिला. वही न पाहता. मुलगी नाव नको म्हणत होती, मी ऐकलं नाही."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. केरळच्या होत्या. जालन्यात इतकी वर्षं काढून त्यांचं मराठी-हिंदी एक झालं होतं.

"तुम्ही? आणि त्या दिवशी इथे उभे राहून तमाशा बघितला?"

"हो."

"ती पोरगी बोलली नाही. तुम्ही तिच्या बापाच्या वयाचे."

"हो मॅडम."

"लिहा लेखी. आजच. पण 'नजरचुकीने' लिहा. मुद्दाम केलं असं लिहिलं तर साहेब तुमच्यावर मेमो काढेल, नंतर माझ्यावर. मला ह्या शाळेची मान्यता सांभाळायची आहे."

मी लिहिलं. "संदर्भ तपासताना लायब्रेरियनच्या नजरचुकीने खासगी टिपणवहीचा उल्लेख पूरक नोंदवही असा झाला आहे. प्रस्तुत लायब्रेरियनने सदर वही पाहिली नव्हती." सही केली. मॅडमनी स्वतः फोन केला. साहेबांशी काय बोलल्या ते कळलं नाही, पण दारातून एवढं ऐकू आलं, "सर, जो बाई घरोघर परत जाते तिला तुम्ही सस्पेंड करणार, आणि जी जात नाही तिला?"

आठवड्याभरात मेमो दप्तरी दाखल झाला. सरकारी भाषेत याचा अर्थ, प्रकरण संपलं. कुसुमबाईंची नोकरी राहिली, बदलीही झाली नाही. निरोप आला त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

पण संपलं ते कागदावर. माझ्या पत्रात "नोंदवही" हा शब्द चुकल्याचं होतं. नाव कोणी घातलं, त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. नजरचूक या शब्दाखाली ते झाकलं गेलं. कुसुमबाई तस्लीमलाच जबान मोडणारी समजत राहिल्या. त्यांनी आमच्या मुली उपकेंद्रावर घ्यायचं बंद केलं. आणि ती वही लिहिणंही बंद केलं. हे मला पुढच्या बॅचच्या ट्यूटरकडून कळलं. त्या गावात गोळ्या कोण खात नाही आणि का, हे त्यानंतर कुठेच लिहिलं गेलं नाही. तस्लीम पास झाली, परतूरकडे सरकारी नोकरीला लागली. जाताना लायब्ररीचं नो-ड्यूज घ्यायला आली, नमस्कार केला, आणि गेली. मी त्या दिवशीही काही बोललो नाही.

निवृत्त होऊन काही वर्षं झाल्यावर घनसावंगीत एका नातेवाइकाकडे बारशाला गेलो होतो. कळलं, दोन घरं सोडून कुसुमबाई राहतात. त्याही निवृत्त. मी जेवणाच्या पंगतीतून उठून सरळ त्यांच्या दारात गेलो. हात धुवायचे राहिले होते.

त्यांनी ओळखलं. पाणी दिलं. मी पाणी न पिता सगळं सांगितलं. चिठ्ठी, पेन्सिल, "जबान बाजूला ठेव", सगळं.

कुसुमबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् हे तुमी त्या दिवशी का न्हाई बोललात? माझ्या पुढ्यात बसून खुलासा लिहीत व्हते की तुमी."

"धीर नाही झाला."

"धीर! पोरगी बावीसची, तिला धीर झाला गप बसायचा. तुमाला न्हाई झाला बोलायचा. मी इतकी वर्षं तिला शिव्या देऊन राह्यले. एकदा लग्नात दिसली, तर तोंड फिरवून गेल्ते मी."

"मला माफ करा."

"मला काय मागता? तिचा नंबर हाय का?"

माझ्याकडे नव्हता. पण त्यांच्या भाचीकडे होता, ती परतूरला तस्लीमच्याच दवाखान्यात होती. बाईंनी तिच्याकडून नंबर घेतला, मोबाईल लावला आणि मोठ्यानं बोलायला लागल्या, लांबच्या गावाशी बोलतात तसं.

"तस्लीम का? मी कुसुमबाई. हां, तीच. आगं, इथं तुमचा लायब्रेरियन बसलाय. खरकट्या हातानं. समदं बोलला तो... न्हाई गं, तू न्हाई, मीच वाईट बोलले. तू तवाच का न्हाई सांगितलंस मला?"

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. बाईंनी फोन कानाला लावूनच माझ्याकडे बघितलं. मग फोन माझ्या हातात दिला.

"सर, कसे आहात?" तस्लीमचा आवाज बदलला नव्हता.

"बरा आहे. तस्लीम, तू कधीच कोणाला का सांगितलं नाहीस?"

"फाईलवर सही माझी होती ना सर. लिहून तुम्ही दिलं, उतरवलं मी. न उतरवताही आलं असतं मला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "आता मीच शिकाऊ मुलींना घेऊन फिल्डवर जाते. त्यांना आधी एकच सांगते, बाईंनी नको म्हटलं तर नाव लिहायचं नाही. कोणी सांगितलं तरी नाही." मग म्हणाली, "फोन बाईंना द्या सर. बारा वर्षांचं बोलायचंय."

मी फोन दिला. त्या दोघी अर्धा तास बोलल्या. बाई मधेच हसल्या, मधेच डोळे पुसले, मधेच मला म्हणाल्या, "तुमी का बसून राह्यले? जा, हात धुवा." मी हात धुतले, पाणी प्यालो, आणि पुन्हा बारशाच्या घरी जाऊन उरलेलं जेवण जेवलो. खूप वर्षांनी छातीवरचं काहीतरी उतरलं होतं.

हे लिहायच्या आधी दोघींना विचारलं. कुसुमबाईंनी गावाचं नाव काढायला लावलं. तस्लीम म्हणाली, माझं पहिलं नाव राहू द्या, आडनाव नको. थॉमस मॅडम आता केरळात आहेत. त्यांना पत्र लिहिलं, त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, "लिहा, पण नजरचूक नका लिहू."

तर नोंद अशी आहे. अकरावा संदर्भ मी लिहिला. वही न पाहता आणि नको म्हटलेलं असताना, मुद्दाम. तस्लीमची त्यात फक्त सही होती.

जे स्वतः पाहिलं नाही त्याचा संदर्भ देऊ नये. माणसाचं नाव द्यायचं तर त्याला विचारून द्यावं. आणि आपली चूक दुसऱ्याच्या सहीखाली गेली असेल तर त्याच दिवशी सांगावी. उशिरा सांगितली तरी चालते म्हणा, पण मग जेवणावरून उठावं लागतं.